राखेचं गाडीभाडं

गणपतीला कोकणात निघालेल्या माणसाला मुंबई–गोवा रस्त्याचं सगळं तोंडपाठ असतं. वडखळला किती वेळ मोडणार, माणगावच्या अलीकडे कुठून वळसा घालायचा, कुठल्या पुलाचे खांब यंदाही नुसतेच उभे आहेत. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा आईच्या कडेवर बसून गेलेली पोरं आता दहावी-बारावीत आहेत. (हे इंदापूर रायगडातलं. पुणे जिल्ह्यातल्या उसाच्या इंदापूरशी त्याचा काही संबंध नाही.) याच टप्प्यात एक किलोमीटर असा आहे, की त्याचं वेगळेपण गाडीत बसून कळायला मार्ग नाही. तिथे रस्त्याच्या पोटात डोंगर फोडून काढलेली खडी नाही. तिच्या जागी आहे पोलादाच्या भट्टीतून निघालेली मळी.

जानेवारी २०२४ मध्ये या तुकड्याचं उद्घाटन झालं. मळी जवळच्याच डोलवीची, जेएसडब्ल्यूच्या पोलाद कारखान्यातली. सुमारे ८०,००० टन मळी फोडून, त्यातलं लोखंड काढून घेऊन, चाळून तिची खडी केली गेली. तंत्र दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं. रस्ता चार पदरी, आणि मुद्दाम दोन तऱ्हांचा: एका बाजूला डांबर, दुसऱ्या बाजूला काँक्रीट. खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत खडी मात्र तीच. दोन्ही बाजू एकाच पावसात भिजतात, तेव्हा पुढच्या काही वर्षांत तुलना आपोआप होईल. कोकणातल्या पावसाइतकी कडक परीक्षा कुठल्या प्रयोगशाळेत होणार आहे?

मळी म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राच्या नाकात साखर कारखान्याचा वास येतो. ही मळी वेगळी. खनिजातून लोखंड आणि लोखंडातून पोलाद करताना नको असलेली द्रव्यं बाजूला काढायची म्हणून भट्टीत चुनखडी टाकतात. चुना ती घाण स्वतःत ओढून घेतो आणि वितळून वर तरंगतो. भातावरचा फेस काढावा तसा तो काढून टाकतात. कारखान्यात याला सगळे स्लॅगच म्हणतात. त्यातही दोन जाती आहेत आणि त्यांचं नशीब फार वेगळं आहे. झोतभट्टीतून निघणारी मळी पाण्याच्या फवाऱ्यात झटकन थंड केली की तिची वाळूसारखी काचेरी कणी होते. ती दळून सिमेंटमध्ये जाते. तिला गिऱ्हाईक ठरलेलं. दुसरी, पोलाद करतानाची. टनामागे साधारण दीडशे ते दोनशे किलो निघणारी ही मळी वर्षानुवर्षं कारखान्याच्या मागच्या अंगाला टेकड्या होऊन पडून राहिली. ती कठीण असते, खरखरीत असते, दाबाला काळ्या पत्थराशी टक्कर देते. अडचण एकच आणि ती चांगलीच नडणारी: तिच्यात सुटा चुना उरलेला असतो.

कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर काय होतं ते जुन्या माणसांना सांगायला नको. फसफसतो, तापतो, फुगून जवळजवळ दुप्पट होतो. मळीतला सुटा चुना हेच करतो, फक्त हळू आणि रस्त्याच्या आत. वरचं डांबर मग फुगवटे येऊन तडकतं. चुन्यासोबत असणारा मॅग्नेशिया तर आणखी लबाड. तो जागा व्हायलाच काही वर्षं घेतो, म्हणजे ठेकेदाराची हमी संपेपर्यंत. म्हणून ही मळी ताजी वापरायची नसते. उघड्यावर पसरून, पाणी मारून, महिनोन्महिने मुरू द्यायची किंवा वाफ देऊन घाईने मुरवायची, फुगण्याची चाचणी घ्यायची आणि मगच गाडीत भरायची. गवंडी चुना भिजत घालून मुरवायचे, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

डोलवीच्या आधी, जून २०२२ मध्ये, सुरतजवळ हजिरा औद्योगिक पट्ट्यात एक किलोमीटरचा सहा पदरी रस्ता सुमारे एक लाख टन मळी घालून केला होता. तिथून बंदराकडे आणि कारखान्यांकडे दिवसाला हजारावर अवजड ट्रक जातात. नेहमीच्या रस्त्यापेक्षा त्याची जाडी तीस टक्क्यांनी कमी ठेवली होती. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे आणि उद्घाटनाच्या बातम्यांत ती ठळक अक्षरांत येत नाही: रस्ता कारखान्याच्या दाराशी आहे. मळी खडीपेक्षा जड. काळ्या पत्थराची खडी पाण्याच्या पावणेतीन-तीन पट भरते, तर मळी सव्वातीन-साडेतीन पट. गाडीभाडं टनावर, रस्ता मात्र घनमीटरवर. त्यातून आपण दख्खनच्या पठारावर राहतो. इथे कुदळ मारावी तिथे काळा पत्थर लागतो आणि दर दहा-पंधरा किलोमीटरवर एखादा क्रशर धूळ उडवत असतो. अशा मुलखात डोलवीची मळी सोलापूरला नेणारा ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुकान बंद करील. उलट गंगेच्या खोऱ्यात, जिथे मैलोन्‌मैल गाळच गाळ आहे आणि खडी रेल्वेने येते, तिथे जमशेदपूर-बोकारोच्या टेकड्या सोन्याच्या भावाच्या ठरू शकतात.

टाकाऊ आणि माल यांतला फरक रसायनशास्त्र ठरवत नाही, गाडीभाडं ठरवतं. हा लेख लिहायला घेतला तेव्हा माझ्या डोक्यात हे नव्हतं. माझा समज होता की संशोधन कमी पडत असेल.

संशोधन तर केव्हाचंच झालंय. किंबहुना डांबरी रस्त्याचा जन्मच टाकाऊ मालातून झाला. १९०१ साली एडगर हूली नावाचा इंग्रज सर्व्हेयर डर्बीशायरमध्ये डेन्बीच्या लोखंडाच्या कारखान्याजवळून चालला होता. रस्त्यावर डांबराचं पिंप फुटून सांडलेलं होतं आणि चिकटा झाकायला कुणीतरी त्यावर कारखान्याची मळी ओतली होती. तेवढाच तुकडा धूळ न उडणारा, चाकोरी न पडणारा. हूलीने पुढच्या वर्षी पेटंट घेतलं आणि नॉटिंगहॅमचा रॅडक्लिफ रोड तसा बांधला. त्यालाच टारमॅक म्हणतात. यातली मळी टाकाऊ होतीच, पण ते डांबरही दगडी कोळशापासून दिव्याचा गॅस काढताना तळाशी उरणारा काळा राबडा होता. कपाटातल्या डांबरगोळ्या त्याच राबड्यातून निघायच्या, म्हणून त्यांचं हे नाव. आज आपण रस्त्यावर जे डांबर म्हणून ओततो ते कोळशाचं नाही, तेलशुद्धीकरणाच्या तळाशी राहणारं बिटुमेन आहे. तेही उरलेलंच. पेट्रोल, रॉकेल, डिझेल सगळं वर उडून गेल्यावर खाली जे राहतं ते.

आता मळीहून हलक्या आणि म्हणूनच जास्त अवघड गोष्टीकडे येतो. राखेकडे.

विदर्भात औष्णिक वीज केंद्राच्या आसपास राहणाऱ्याला राख म्हणजे काय हे विचारू नये. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, अकोल्याकडचं पारस; इकडे परळी, भुसावळचं दीपनगर, नाशिकचं एकलहरे. आपल्या कोळशात शंभरातले तीस ते चाळीस भाग राखेचे, कधी त्याहूनही जास्त. पाचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा जाळतो, म्हणजे अडीच-तीन हजार टन राख रोजची. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. गुणाकार वाचकांनीच करावा.

या राखेतली चार-पंचमांश धुरासोबत उडून चाललेली असते आणि विजेच्या भारित पट्ट्या तिला धुराड्याआधी पकडतात. ही उडती राख म्हणजे फ्लाय ॲश: पिठाहून बारीक, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर काचेचे इवलेइवले गोळे. उरलेली जाडसर राख बॉयलरच्या तळाशी पडते. कोरडी उडती राख बल्करमध्ये भरून सिमेंट कारखाने घेऊन जातात, कारण सिमेंटमध्ये ती मिसळली की पैसेही वाचतात आणि काँक्रीटही घट्ट होतं. इगतपुरीजवळच्या घाटघरचं धरण याचा चांगला दाखला. देशातलं पहिलं रोलरने दाबून केलेलं काँक्रीटचं धरण, आणि त्यातल्या काँक्रीटमध्ये राखेचा वाटा मोठा.

यात नवं काही नाही, निदान आपल्याला तरी नसावं. वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या बांधकामात चुन्याच्या घाणीत भाजलेल्या विटांचा भुगा घालत. सुरखी म्हणत त्याला. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि चुना पाण्यात एकत्र आले की दगडासारखे धरतात. रोमन लोक हेच ज्वालामुखीच्या राखेने करत. औष्णिक केंद्राची राख म्हणजे फुकटची सुरखीच. गंमत अशी की मळीला तिचा जास्तीचा चुना नडतो आणि राख चुन्यावाचून अडून बसते. आपल्या कोळशाच्या राखेत तो फार थोडा असतो. रस्त्याखालच्या काळ्या मातीत राख आणि चुना मिसळून दाबतात तेव्हा हीच जोडी जमते, आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसाळ्यात फुगणारी ती माती जरा शहाण्यासारखी वागू लागते.

सिमेंटवाले चांगली राख उचलतात. जिला कुणी उचलत नाही ती पाण्यात कालवून, नळातून, कोसभर लांबच्या तलावात सोडतात. राखेचा तलाव म्हणजे मातीचा बंधारा घालून अडवलेली शेकडो एकर जमीन. नळाच्या तोंडाशी जाड राख बसते, लांबवर बारीक साचते, पाण्यावर पोकळ गोळ्यांची साय तरंगते. तिलाही बाजारात भाव आहे, म्हणून ती वेचणारे असतात. भिजलेली, गाळलेली, जाड-बारीक एकत्र झालेली ही तलावाची राख सिमेंटच्या कामाची राहत नाही. रस्त्याच्या भरावाला मात्र ती पुरेशी असते, आणि भरावाला लागणारा आकडाही तिच्याच तोडीचा असतो.

हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला. चौपदरी रस्ता, माथ्यावर तीस मीटर रुंद, पुलाकडे चढत जाणारा सहा मीटर उंचीचा भराव, बाजूंना एकास दोन उतार. एका किलोमीटरला अडीच लाख घनमीटर माल लागतो. राखेचा भरला तर साधारण तीन लाख टन. पंचवीस टनांची हायवा गाडी धरली तर बारा हजार खेपा. एवढा मुरूम काढायचा तर एखादी लहान टेकडी सपाट होते, आणि आपल्याकडे तशा झालेल्या आहेतही. पुणे-नाशिक-नगरकडच्या कुठल्याही रस्त्यावर डोंगराच्या कुशीला घेतलेले लालपिवळे चावे दिसतात. मुरमाला स्वामित्वधन, तहसीलदाराचा परवाना, त्यावरचे वाद. राख खनिज नाही, तिच्यामागे ही कटकट नाही.

शिवाय ती हलकी. मऊ जमिनीवर मातीचा उंच भराव घातला की तो स्वतःच्या वजनाने खचत राहतो, राखेचा कमी खचतो. दिल्लीत यमुनेच्या पूरक्षेत्रात, दुसऱ्या निजामुद्दीन पुलाकडे जाणारा भराव नव्वदीच्या दशकात तलावाच्या राखेचा केला, त्याआधी ओखल्याच्या उड्डाणपुलाला राख वापरली होती. हे भराव वाहत्या रहदारीखाली पाव शतकाहून जास्त काळ आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसने राखेच्या भरावासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढूनही तितकाच काळ लोटला.

पण राखेचा भराव हा आळशी माणसाचा धंदा नव्हे. कोरडी असली की उडते, पाऊस आला की दुधासारखी वाहून जाते. ती विटांच्या थरांसारखी थोडीथोडी पसरायची, पाणी मारायचं, थरथरत्या रोलरने दबाई करायची. पाणी कमी झालं तर दबत नाही, जास्त झालं तर चिखल. दोन्ही अंगांना मीटर-दोन मीटर मातीचं आवरण हवं आणि ते राखेच्या बरोबरीनेच वर चढवायचं, शेवटी लिंपायचं नाही. मधे मातीचे थर, माथ्यावर मुरमाची टोपी. जूनच्या पहिल्या आठवड्यात आवरण अपुरं राहिलेला भराव जुलैपर्यंत घळी पडून शेतात उतरलेला असतो. चुलीतली राख अंगणात टाकून पहिल्या वळवाची वाट पाहा, हाच देखावा लहान प्रमाणात दिसेल.

सरकारी कागद या सगळ्याच्या मागे गेली पंचवीस वर्षं धावतायत आणि त्यांचा प्रवास किलोमीटरमध्येच मोजावा लागतो. १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत राखेचा वापर सक्तीचा केला. २००३ मध्ये वर्तुळ १०० किलोमीटरचं झालं, २०१६ मध्ये ३०० चं. खरा कळीचा मुद्दा २०१६ च्या कागदात आला: १०० किलोमीटरपर्यंतचा वाहतूक खर्च वीज केंद्राने सोसायचा, त्यापुढे ३०० पर्यंत निम्मा-निम्मा. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळी राख वापरायची अट घातली, तीन-तीन वर्षांचं चक्र ठरवलं आणि न वापरलेल्या राखेवर टनाला हजार रुपये दंड बसवला. तलावांत साचलेल्या जुन्या राखेला दहा वर्षांची मुदत. म्हणजे ज्या राखेला कुणी पैसा द्यायला तयार नव्हतं, तिला आता निदान उणे हजार रुपये भाव आहे. वीज केंद्राने हा दंड चुकवायला गाडीभाडं भरावं, असा हा सरळ व्यापारी हिशेब. मला तो आवडतो. उपदेशापेक्षा टनाला हजार रुपये लवकर समजतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आकडे सांगतात की १९९६-९७ मध्ये देशात सुमारे सात कोटी टन राख निघायची आणि वापर दहा टक्क्यांच्या आत होता. २०२१-२२ मध्ये सत्तावीस कोटी टन निघाली आणि वापर ९६ टक्के झाला. आकडा ऐकून टाळी वाजवायच्या आधी ‘वापर’ या शब्दात काय काय बसतं ते पाहावं. सिमेंट साधारण पाव हिस्सा घेतं. विटा, रस्ते आहेत. पण सखल जमिनी भरणं, बंद खाणी बुजवणं, इतकंच काय, राखेच्या तलावाचाच बंधारा राखेने उंच करणं, हेही वापरातच मोडतं. गाळाने भरलेली विहीर आणखी बांधून उंच केली आणि तिला पाणीसाठा म्हटलं, त्यातलाच प्रकार.

जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडीच्या केंद्राचा खसाळ्याचा राखेचा तलाव फुटला. राख पाण्यासकट गावांच्या शिवारात आणि पुढे नदीत गेली. कोलार आणि कन्हान नद्यांचं पाणी नागपूरच्या पिण्याशी जोडलेलं आहे. त्याच्या दोन वर्षं आधी, एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या सिंगरौलीत सासन वीज केंद्राचा राखेचा बंधारा फुटून सहा माणसं वाहून मेली. अशा वेळी राखेबद्दलचा प्रश्न उलटा करून विचारावा लागतो. राखेत आर्सेनिक, शिसं, पारा यांचे अंश असतात. मग ती रस्त्यात घालणं सुरक्षित आहे का? असा प्रश्न मला भेटेल तो विचारतो, आणि तो योग्यच आहे. भूजलाच्या पातळीच्या वर, मातीच्या आवरणात, माथा डांबराने बंद केलेल्या भरावात तिच्यातून पाणी झिरपणं फार कमी होतं. नाल्याच्या पात्रात ढीग ओतून वर रस्ता केला तर ती धुपते आणि झिरपतेही. म्हणजे तलाव की रस्ता, असं विचारावं. नुसतं ‘रस्ता नको’ म्हटल्याने राख कुठे जात नाही, ती खसाळ्यातच राहते.

आणि वाटेत ती सांडते. परळीत दादाहरी वडगाव, दाऊतपूर भागातल्या तलावांची राख नेणारे टिप्पर, त्यांची उघडी पाठ, रस्त्याकडेच्या घरांवर आणि कापसाच्या बोंडांवर बसणारी पांढुरकी पुटं हा तिकडच्या लोकांच्या तक्रारींचा जुना विषय. २०२४-२५ मध्ये राखेवरचा ताबा, बेकायदा उपसा आणि त्यातला पैसा या बातम्यांनी राज्याचं राजकारण ढवळलं. ‘राखमाफिया’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रुळला. जिच्यासाठी दंड लावावा लागतो तीच वस्तू चोरीला जाते, हे विचित्र वाटेल. पण वीटभट्टीजवळ तिला भाव आहे आणि तलावाजवळ नाही. मधलं अंतर ज्याच्या हातात, पैसा त्याचा.

ठेकेदाराची बाजूही समजून घ्यायला हवी, तो आपला लाडका खलनायक असला तरी. शासनाच्या दरसूचीत एखादी बाब नसेल तर अंदाजपत्रकात ती येत नाही. अंदाजपत्रकात नसेल तर शाखा अभियंता ती मोजमाप वहीत लिहू शकत नाही. नव्या मालाचा रस्ता उखडला तर दोष दायित्व कालावधीत दुरुस्ती ठेकेदाराच्या खिशातून आणि चौकशी अभियंत्याच्या माथी. जुन्या खडीचा रस्ता उखडला तर पाऊस जास्त झाला म्हणता येतं. त्यामुळे मळीचा किलोमीटर संशोधन संस्थेच्या छत्राखाली होतो आणि दुसरा किलोमीटर होत नाही.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. मदुराईचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर टाकाऊ प्लास्टिकचा पापुद्रा चढवून डांबर घालायची पद्धत शोधली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; तंत्र सोपं आहे, वेळखाऊ आहे ते प्लास्टिक वेगळं करणं. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून ओतकामाची जळकी वाळू निघते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या आसपास ती खड्ड्यांतून, कडेकडेने पडलेली दिसते. थरांच्या भरावात ती जाऊ शकते, पण चिकटद्रव्यं कुठली होती ते तपासल्याशिवाय नको. आणि नागपूरजवळ मनसरला, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, पिकांच्या अवशेषांतल्या लिग्निनचा अंश बिटुमेनमध्ये घालून केलेला एक तुकडा डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. काम पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. आपण निम्म्याच्या आसपास बिटुमेन परदेशातून आणतो, म्हणून याकडे मी कुतूहलाने बघतो, पण त्याची गोष्ट वेगळी आहे आणि लांब आहे.

परत त्या वहीतल्या हिशेबाकडे. बारा हजार खेपा. मुरूम असो नाहीतर राख, खेपा हजारांनीच लागतात. फरक असा की मुरमाच्या गाड्या टेकडीवरून उतरतात आणि राखेच्या गाड्या तलावाच्या वाटेवरच्या गावांतून निघतात. दिवसाला शंभर खेपा धरल्या तर चार महिने. ताडपत्री घट्ट बांधायला प्रत्येक गाडीला दहा मिनिटं लागतात, खालचा चिखल लागलेली चाकं धुवायला आणखी पाच. खेपेवर पैसे मिळणारा ड्रायव्हर ही पंधरा मिनिटं कशी वाचवतो ते दीपनगर किंवा खापरखेड्याच्या रस्त्यावर पहाटे उभं राहिलं की दिसतं: हायवा वळणावर येते, पाठीवरची ताडपत्री अर्धी सुटून फडफडत असते, आणि तिच्यामागे दुचाकीवरून शाळेला निघालेल्या बापाने पोरीच्या तोंडावर ओढणी गुंडाळून गाठ मारलेली असते.